पाणी किती लागतं

दोना पावलाच्या हॉटेलात तीन दिवस
एका मोडलेल्या देशाचा हिशेब चालला होता.
पडद्यावर नकाशा, नकाशावर हिरवे ठिपके:
इथे सिमेंट, इथे वीज, इथे धान्याची कोठारं.
मी मागच्या रांगेत. गळ्यातल्या कार्डावर
शिरवईकरचं शिरगावकर झालेलं.

जर्मन बँकेचा माणूस म्हणाला, धोका टक्क्यांत मांडता येतो.
दुबईचा म्हणाला, आधी बंदर, मग बाकीचं.
कोणीतरी म्हणालं, संधी.
तो शब्द काजूच्या वाटीसारखा टेबलावरून फिरला
आणि रिकामा होऊन परत आला.

चौथ्या दिवशी ती एकटीच आमोण्याला आली.
इख्लास. त्यांच्या जलवाहतूक खात्यात इंजिनिअर.
खातं म्हणजे आता दोन खोल्या आणि एक जनरेटर,
हे तिनेच सांगितलं, चहाला नको म्हणताना.

खाणी थांबल्यापासून आमच्या धक्क्याला
अकरा बार्ज नुसत्या उभ्या आहेत,
साखळ्यांना कालवं धरलेली,
पोटात खनिजाची लाल धूळ, अजून.
तिने ‘सातेरी-३’ निवडली. भाव विचारला नाही.
कायतान वेल्डरच्या हातून हातोडी घेतली
आणि पाणरेषेवरून चालत, पत्रा ठोकत गेली,
कान लावून,
कलिंगड घेणाऱ्या बाईसारखी.
नाद बसका आला तिथे खडूने फुली.
सतरा फुल्या.
प्रत्येक फुलीला मी मनात रुपये लावले.

मग विचारलं, भरल्यावर पाणी किती लागतं हिला?
सव्वातीन मीटर, मी म्हणालो.
ती गप्प झाली. वहीत एक वाकडी नदी काढली.
आमचे सहा पूल पडलेत, म्हणाली.
पडलेत म्हणजे गेले नाहीत. आत आहेत.
सळ्या वर तोंड करून.
त्यातले दोन मी बांधले होते,
त्या दोघांखालून मी हिला नेईन.
बाकीच्या चारांचं पाण्याला विचारावं लागेल.

‘अर्दीच भर,’ कायतान म्हणाला, कोणी न विचारता.

अर्धी भरली तर फेऱ्या दुप्पट.
फेऱ्या दुप्पट तर डिझेल दुप्पट,
त्यावर युद्धाचा विमा, त्यावर बँकेचे टक्के.
मी कॅल्क्युलेटर तिच्याकडे वळवला.
जुळत नाही, ती म्हणाली, मला ठाऊक आहे.
तरी लिहा.

खोटं कशाला बोलू,
आदल्या रात्री मी भंगाराचा भाव बघून ठेवला होता
आणि वर पंचवीस टक्के चढवले होते.
दोन वर्षं पगार अर्धे देतो आहे मी.
त्यांच्या पडक्या पुलांनी आमचा गंज विकत घ्यावा
असं गाऱ्हाणं घातलं होतं देवीला.
घालताना काही वाटलं नाही.
ती वाकडी नदी बघितल्यावर वाटलं.

निघताना ती नावावर हात ठेवून थांबली.
हे काय लिहिलंय?
देवी आमची. म्हणजे माती.
देवळात मूर्ती नसते, वारूळ असतं,
आपोआप वाढतं.
आपोआप? कोण बांधतं?
वाळवी.
आणि वाळवीला पैसे कोण देतं?
असं म्हणून हसली, चार तासांत पहिल्यांदा,
आणि नाव पुसू नका म्हणाली.

याला तीन महिने झाले.
हॉटेलवाल्यांकडून छापील अहवाल आला,
गुळगुळीत, मुखपृष्ठावर हाती हात.
विमा कंपनीकडून काहीच आलं नाही.
इख्लासचा एकदा संदेश आला, एवढाच:
तिसऱ्या पुलाखाली पाणी चार मीटर. मोजलं.

मी उत्तर अजून दिलेलं नाही.
पण कायतानने, मला न विचारता,
दुपारच्या सुट्टीत, यार्डातल्या उरल्यासुरल्या पत्र्याने
नऊ फुल्या बुजवल्या आहेत.
आठ उरल्या.
ओहोटीला दिसतात.